झीजमास्तरांचा राहिलेला निकाल

झीजमास्तर कोणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यापाशी उकिडवे बसायचे. घरधनी "या, या" म्हणत पुढे यायचा, आणि मास्तर त्याच्याकडे न बघता उंबऱ्यावरून बोट फिरवत असायचे. मग पायरीवर काढलेल्या वहाणा एकेक करून उलट्या करायचे आणि तळ बघायचे. दारात उलटी वहाण दिसली की घरात भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. मास्तरांनी आगाशीतल्या निम्म्या घरांच्या वहाणा उलट्या केल्या असतील. त्या घरांत भांडणं काही लागली नाहीत, मास्तरांशी मात्र बऱ्याच जणांचं लागलं.

नाव त्यांचं वेगळं होतं. आम्ही पाच जण त्यांच्याकडे शिकलो, त्या पाचांनी हे नाव पाडलं आणि ते गावभर झालं. मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात ते खुर्च्या-टेबलांचे नकाशे काढायचे. लढाई संपली तसं ते काम सुटलं. का सुटलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आगाशीला बहिणीकडे येऊन राहिले. गावातल्या चार मंडळींनी केळ्यांची एक रिकामी वखार त्यांना दिली आणि तिथे ते पोरांना डिझाइन शिकवणार असं ठरलं. डिझाइन हा शब्द तोवर आम्हाला लुगड्याच्या काठापुरता माहीत होता.

मी चौथीपर्यंत शिकलो. जन्मभर लाकूड कापलं, कागदाशी संबंध कमी. तरी हे लिहायला बसलो, कारण मास्तरांकडे माझा एक निकाल राहिला होता. पास की नापास ते न सांगताच ते गेले. तो निकाल साठ वर्षांनी, या गेल्या महिन्यात लागला. माझी बायको हिरा मार्गशीर्षात गेली, आणि तिच्यामुळेच तो लागला. पण आधी मास्तर.

आमची केळीची वाडी. विहिरीवर रहाट आणि रहाटाला एक बैल. एक दिवस मास्तर रहाटाच्या चाकाचे जुने दात मागायला आले. लाकडी दात ते, झिजले की आम्ही काढून चुलीत घालायचो. वडलांना वाटलं, माणूस डोक्याने गेलेला आहे. दोन-चार दात दिले, आणि वर उगाच मोठेपणा म्हणून बैलाच्या मानेवरचं जू दाखवलं. खैराचं होतं. वडील म्हणाले, "हे बघा. पंधरा वर्षं झाली, एक रेघ उठली नाही त्याच्यावर."

मास्तरांनी जुवावरून बोट फिरवलं. मग तेच बोट बैलाच्या मानेवरून फिरवलं. तिथे तळहाताएवढा घट्टा होता. केस गेलेले, कातडी काळी पडलेली.

"झिजतंय की पंधरा वर्षं," मास्तर म्हणाले. "फक्त लाकूड झिजत नाहीये."

वडील तापट. मला वाटलं, आता मास्तरांना विहिरीत घालतात. पण वडील दुसऱ्या दिवशी सकाळी जू खांद्यावर टाकून वखारीकडे निघाले, मागे मी. मास्तर म्हणाले, हे जू असंच माझ्याकडे राहू द्या, मला शिकवायला पाहिजे. नवीन करू. ते मी करणार नाही, हा करील. हा म्हणजे मी. सतरा वर्षांचा होतो, करवत कुठल्या बाजूने धरतात तेही येत नव्हतं. जू व्हायला दोन महिने लागले. तोवर वडील लाकडाचा एक ओंडका बैलाच्या मानेवर ठेवून खाली गोणपाटाची घडी बांधायचे. त्या जुवाच्या निमित्ताने मी वखारीत गेलो तो तीन वर्षं राहिलो.

पहिला महिनाभर हत्याराला हात लावायचा नाही. प्रत्येकाने घरातली एक झिजलेली वस्तू आणायची आणि ती कोणी, कशी झिजवली ते सांगायचं. आमच्यात नाळ्याचा बस्त्याव होता, ख्रिस्ती, बाप सुतार. त्याला याचा भारी राग. तो म्हणायचा, "माझ्या बापाकडे रंधे आहेत पाच, आणि इथे मी आजीची माळ घेऊन बसलोय." खरंच तो आजीची प्रार्थनेची माळ घेऊन आला होता. मास्तरांनी मणी एकेक करून उजेडात धरले आणि विचारलं, "हा एवढा एकच का गुळगुळीत?" बस्त्यावला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आजीला विचारून आला. आजीचा एक मुलगा बोटीवर गेला तो परत आला नव्हता, त्याच्यासाठी ती त्या मण्यापाशी थांबायची. बस्त्यावला असा एक काका होता हेच मुळात त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर त्याने रंध्यांचं नाव काढलं नाही.

मी आणला होता करवंटीचा डाव. मास्तरांचे पाच प्रश्न ठरलेले. हात कोणाचा? उजवा की डावा? किती वर्षांचा? कुठल्या भांड्यात? आणि टोचतं कुठे? मला एकाच प्रश्नाचं उत्तर आलं, हात आईचा. दुसऱ्याला मी उजवा म्हणून टाकलं, सगळ्यांचा उजवाच असतो. मास्तरांनी डाव माझ्या उजव्या हातात दिला आणि झिजलेली कड पातेल्याला लावून बघ म्हणाले. लागेना. डाव्या हातात धरला तर कड पातेल्याला बरोबर बसली.

"रोज दोन वेळा ज्या हातचं खातोस," ते म्हणाले, "तो कुठला ते बघितलं नाहीस?"

घरी जाऊन मी चुलीसमोर फतकल मारून बसलो. आई ढवळत होती, डाव्या हाताने. मी बघतच राहिलो तशी ती म्हणाली, "काय रे, भूक लागलीय की मला कधी बघितलं नाहीस?" मी विचारलं, उजवा हात का नाही? तर लग्न होऊन आली त्याच वर्षी ती विहिरीच्या पायरीवर पडली होती, मनगट वाकडं सांधलं गेलं होतं. तिने मनगट पुढे केलं. वाकडं होतं. सतरा वर्षं ते माझ्या डोळ्यासमोर होतं.

मास्तर नेहमी बरोबर असायचे असं नाही. एकदा आम्हाला अर्नाळ्याला घेऊन गेले. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, बोंबील वाळत टाकलेले. एका होडीतलं वल्हं मास्तरांनी उचललं, हाताशी झिजलेलं बघितलं आणि आम्हाला सांगायला लागले की या होडीचा मालक डावीकडे बसतो, ठेंगणा आहे, अंगठ्याला जुनी जखम आहे. बोंबील उलटणारी एक कोळीण ऐकत होती. ती म्हणाली, "अवो मास्तर, वल्हं माज्या दिराचं हाय, परवाच आनलं. माजा नवरा उंच हाय ताडावानी. आन् तो वल्हवतो कंदी? पानी बघून बसतो निस्ता." आम्ही पाची जण खाली वाळूकडे बघत हसत होतो. मास्तर पण हसले, पार खोकला लागेपर्यंत. मग तिला विचारलं, दिराच्या अंगठ्याला जखम आहे का? ती म्हणाली, हाय.

परत येताना रस्ताभर त्यांनी तेच सांगितलं. झीज खोटं सांगत नाही, आपण मालक चुकीचा धरतो.

काम ते फार कडक तपासायचे. खिशात गेरूचा तुकडा असायचा. काम बरोबर नसलं की त्याच्यावर गेरूने ठळक 'परत' लिहायचे, आणि ते अक्षर आपणच रंध्याने काढायचं. माझ्या पहिल्या जुवावर आठ वेळा 'परत' आलं, बस्त्यावच्या एका खुंटीवर अकरा वेळा. त्या खुंटीचं शेवटी दात कोरायचं कोरणं झालं, असं आम्ही त्याला चिडवायचो. मी एकदा वैतागून म्हटलं, नापास तरी लिहा, म्हणजे सुटलो. मास्तर म्हणाले, "नापास झालेला घरी जातो. परतवाला उद्या सकाळी येतो. तू उद्या सकाळी ये." कसं चुकलं ते सांगायचे नाहीत. ते जू जाऊन बैलाच्या मानेवर धर, आणि बैलाला विचार, म्हणायचे. तेव्हा रागाने मी घरी जाऊन बैलाच्या मानेवर धरायचो, आणि कुठे टेकत नाही ते दिसायचं. ते बरोबर असायचे म्हणून राग आणखी यायचा.

आणि पास? पास ते कुणाला करायचेच नाहीत. नवी वस्तू छान दिसतेच, म्हणायचे, त्यात काय निकाल लावायचा? वापरून दहा-वीस वर्षं होऊ देत. "वस्तू झिजली तर पास. माणूस झिजलं, जनावर झिजलं, तर परत." आणि कोपऱ्यात टांगलेल्या आमच्या खैराच्या जुवाकडे बोट करायचे. गावातला कोणी वखारीत डोकावला की ती गोष्ट त्यालाही सांगायचे. वडलांची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. पण ते जू त्यांनी कधी परत मागितलं नाही.

दुसऱ्या वर्षी थोरल्या भावाला विषमज्वर झाला. वाडीचं सगळं माझ्या अंगावर पडलं. मी बस्त्यावकडून निरोप पाठवला की मी आता येत नाही. त्याच दुपारी मास्तर स्वतः वाडीत हजर. उन्हातून चालत आलेले, टोपी घामाने भिजलेली. मला वाटलं, ओरडायला आले. ते विहिरीच्या कठड्यावर बसले, केळीच्या खोडाचं एक सोपट सोललं आणि खिळ्याने त्यावर रेघा मारायला लागले. ओल्या सोपटावर रेघ मारली की जरा वेळाने ती तपकिरी होते, शाईने काढल्यासारखी. खुर्चीच्या पाठीचं वळण काढून त्यांनी मला विचारलं, हे कोणाच्या पाठीचं? बैल फिरत होता, पाणी पाटात पडत होतं, मी एक डोळा बैलावर आणि एक सोपटावर ठेवून उत्तरं देत होतो. असे दीड महिना रोज आले. एकही दिवस चुकला नाही. भाऊ बरा झाला तेव्हा विहिरीपाशी वाळलेल्या सोपटांचा ढीग होता, आणि माझा धडा बाकीच्या चौघांच्या पुढे गेला होता. वडलांनी ते ढीगभर नकाशे चुलीत घातले नाहीत. आमच्या वडलांनी चुलीत न घातलेली ती पहिली गोष्ट असावी.

तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. हिरा सोपाऱ्याकडची, चांगली उंच. आमच्या घरातल्या सगळ्या बायका बुटक्या, त्यामुळे ती दारातून आत आली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या होत्या. मास्तरांनी शेवटचं काम म्हणून सांगितलं होतं की घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू करायची. मी हिरासाठी पाट केला. फणसाच्या लाकडाचा, पिवळाधमक, खाली दोन पट्ट्या, जमिनीपासून चार बोटं उंच. आमच्याकडे सगळे पाट चार बोटंच असतात. कडा मी अशा गोल केल्या होत्या की बस्त्याव हात फिरवून म्हणाला, "याच्यावर बायको कशाला बसवतोस, देव बसव."

पाट तपासायला मास्तर आमच्याकडे जेवायला आले. ओटीवर न बसता माजघरात बसले, जिथून चूल दिसते. जेवताना नजर चुलीकडेच. हिरा चुलीपाशी त्या पाटावर बसून भाकऱ्या थापत होती, मधेच उठून वाढत होती, परत बसत होती. हात धुतल्यावर ते म्हणाले, "दामू, दोन बोटं उंच कर. तिचे गुडघे छातीला लागतायत. ती उठते कशी ते बघ."

मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "सासू चार बोटांवर आणि सून सहा बोटांवर? चांगलं दिसेल ते. लोक विचारतील, घरात सासू कोण आहे."

मास्तर म्हणाले, मग तुमचाही दोन बोटं उंच करून देतो. आई म्हणाली, "आणि माझे पाय काय लोंबकळत ठेवू?" सगळे हसले. आई बुटकीच होती. ती काही वाईट बोलत नव्हती. ती कधी तिच्या सासूहून वर बसली नव्हती, तिची सासूही तिच्या सासूहून वर नाही. सून सासूपेक्षा उंच बसत नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते असतंच.

मास्तर हिराकडे वळले. "सूनबाई, तुम्ही सांगा. पाट कसा आहे?"

हिराने एकदा आईकडे बघितलं. "बरा आहे."

"बरा आहे हे उत्तर नाही," मास्तर म्हणाले.

तिने आता माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मी पाटाच्या गोल कडेवरून हात फिरवत होतो. दोन बोटं चढवली असती तर माझ्या पाटाची ठेवण बिघडली असती, असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू. आई होती हे निमित्त. हिरा पुन्हा म्हणाली, "बरा आहे," आणि भांडी उचलायला लागली.

मास्तरांनी पाट उलटा केला. खिशातून गेरू काढला. मी वाट बघत होतो, आता 'परत' लिहितात. त्यांनी गेरू तसाच खिशात ठेवला. म्हणाले, "याचा निकाल आत्ता नाही. झिजला की घेऊन ये माझ्याकडे." मी विचारलं, किती वर्षांनी? म्हणाले, "ते पाट सांगेल."

त्यानंतर चार-सहा महिन्यांत वखार मालकाला हवी झाली. वर्ग बंद पडला. मास्तर वऱ्हाडात पुतण्याकडे जायला निघाले. आम्ही पाची जण विरारच्या स्टेशनात गेलो. त्यांच्याकडे कपड्यांची एक वळकटी आणि झिजलेल्या वस्तूंचं एक पोतं. फलाटावर बसून त्यांनी पोतं सोडलं आणि प्रत्येकाला एकेक वस्तू दिली. बस्त्यावला एक झिजून काडी झालेला कोयता मिळाला. मला त्यांनी खैराचं जू दिलं, तीन वर्षं वखारीत टांगलेलं, एक रेघ न उठलेलं. मी म्हटलं, बाकीच्यांना झिजलेलं दिलंत आणि मलाच का हे? म्हणाले, "तुझ्या घरचं आहे." बाकी काही नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "पाट आणायचा विसरू नको."

मी काही पाट नेला नाही. चार वर्षांनी बस्त्यावकडे पुतण्याचं कार्ड आलं, मास्तर गेले. बस्त्याव नाळ्याहून सायकल मारत सांगायला आला. मी एका घराचा दरवाजा रंधत होतो. ऐकलं आणि रंधा मारत राहिलो. बस्त्यावने दरवाजाचं दुसरं टोक धरलं. तो दरवाजा आम्ही दोघांनी पुरा केला.

वऱ्हाड लांब होतं म्हणून पाट नेला नाही असं मी सांगायचो. खरं कारण असं की पाट झिजतच नव्हता. दहा वर्षं झाली, वीस झाली, मधला भाग कोरा करकरीत. पाहुणे आले की मी पाट उलटासुलटा करून दाखवायचो, बघा, माझ्या हातचा, एक रेघ नाही उठली. असं बोलताना मला माझे वडील कधी आठवले नाहीत.

हिरा गेली. साठ वर्षांच्या वर संसार झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात, सोनं झालं तिचं, वय झालं होतं. वय झालं होतं म्हणजे काय? माझं काय कमी झालंय? मला चहा कितीचा लागतो ते एवढ्या घरात तिलाच माहीत होतं. आता चहा येतो, गोड असतो, मी पितो.

दिवस झाल्यावर एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. घरात ओटा येऊन किती वर्षं झाली, तरी हिरा वाल सोलायला, मासळी साफ करायला खालीच बसायची, त्याच पाटावर. पाट भिंतीला टेकून उभा होता, उघडा. असा उघडा मी तो फार वर्षांनी बघितला. त्याच्यावर नेहमी एक गोधडीची घडी असायची. मी पाट उचलून खिडकीपाशी आणला आणि मांडीवर घेतला. दुसरं काही काम नव्हतं. मास्तरांचे प्रश्न आपोआप सुरू झाले.

हात कोणाचा? हिराचा. उजवा की डावा? पाटाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर एक खळगा होता, गुळगुळीत, तळहात बसेल एवढा. मी माझा तळहात ठेवला. म्हणजे ती प्रत्येक वेळी उठताना त्या कोपऱ्यावर सगळा भार देऊन उठत होती. तिची डावी बाजू आधी पुढे सरकायची, कारण डावी कड तिरकी उतरलेली. आणि मधला भाग, जिथे माणूस बसतं, तो साठ वर्षांत का झिजला नाही?

मी सुनेला हाक मारली, माधवीला. विचारलं, तुझ्या सासूची ती घडी कुठे गेली? ती म्हणाली, "धुऊन वाळत घातलीय बाबा. उलगडायला गेले तर उलगडेना. चारी बाजूंनी टाके मारलेत आईंनी." तिने आणून दिली. गोधडीचा तुकडा, घडी घालून शिवलेला. टाके एका दोऱ्याचे नव्हते. आतला दोरा विटलेला, त्यावर निळा, त्यावर पांढरा, सगळ्यात वरचा तपकिरी, माझ्या शर्टाच्या बटणांना ती वापरायची तो. एक थर दबला की तिने वर दुसरा चढवला होता, तो दबला की तिसरा. वरचं कापड झिजून आरपार झालं होतं.

मी घडीच्या कडेला बोटं लावली. दोन बोटं. बरोबर दोन.

आई आमच्या लग्नानंतर आठ वर्षांनी गेली. तिच्या दिवसांनंतरच कधीतरी ती घडी पाटावर आली, हे मला आता आठवतं. तेव्हा मी हिराला म्हटलं होतं, "काय गं, आता मऊ बसायला लागतं?" ती हसली होती. मी समजलो, हो म्हणाली. त्या दिवशी सासूच्या वर बसायचा प्रश्न उरला नव्हता. नव्या पट्ट्या ठोकायला मला एक तास लागला असता. लोकांच्या घरांचे दरवाजे, खिडक्या, पाळणे, सगळं मापात करून दिलं. तिने सांगितलं नाही, हे खरं. पण मास्तरांनी सांगितलं होतं की. आणि म्हातारपणी तिचे गुडघे गेले तेव्हा मी डॉक्टरसमोर म्हणालो होतो, या वयात सगळ्यांचेच दुखतात.

वडलांनी बैलासाठी निदान गोणपाट तरी बांधलं होतं. इथे तेही तिने स्वतःच बांधून घेतलं.

वर मी लिहिलं की मास्तरांकडे आम्ही पाच जण शिकलो. ते चूक आहे. सहावी चुलीपाशी बसून ऐकत होती, आणि मास्तरांचं म्हणणं तिनेच तेवढं करून दाखवलं.

माझ्या कामाच्या शेडमध्ये गेलो. गेरू मिळाला. पाट उलटा केला आणि लिहिलं, 'परत'. हात हलतो आता, अक्षर मास्तरांसारखं आलं नाही. जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या ठोकल्या, सहा बोटांच्या. कोपऱ्यातल्या खळग्याला रंधा लावला नाही. एक तास नाही, दोन दिवस लागले. खैराचं जू समोर टांगलेलंच होतं.

पाट घेऊन स्वयंपाकघरात आलो. माधवी ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, आता बसणार कोण याच्यावर?"

मी म्हटलं, माहीत नाही. पाट खाली ठेवला आणि त्याच्यावर बसलो. उंची चांगली होती. तिथून माधवीचे पाय समोर दिसत होते. लाटणं पुढे गेलं की तिच्या टाचा जमिनीपासून सुटायच्या, मागे आलं की टेकायच्या. पुढे, मागे. तो ओटा मी स्वतः उभा राहून गवंड्याकडून घालून घेतला होता, माधवी या घरात यायच्या आधी. माधवी बुटकी आहे. माझ्या आईएवढी असेल.

मी विचारलं, "ओटा कसा पडतो तुला?"

ती न वळता म्हणाली, "बरा आहे की."

"बरा आहे हे उत्तर नाही," मी म्हटलं.

तिचं लाटणं थांबलं.